सायबिणीचा वाढीव मुक्काम

हिंदुस्थान स्वतंत्र झाला, कोल्हापूरचं संस्थान विलीन झालं, आणि आता या भूमीवर कुणी कुणाला डांबून ठेवू शकणार नाही, असं हंबीरराव पाटलांनी चावडीच्या कट्ट्यावर उभं राहून जाहीर केलं. त्याच दिवशी, गुरं घराकडं परतायच्या वक्ताला, हुंबरवाडीत एका दहा वर्षांच्या पोरीनं देवाच्या आईला घरात घेऊन आतनं कडी लावली.

पाटलांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. त्यांना कुणी उभं केलेलं नव्हतं, पण भाषण तयार झालं होतं. तयार झालेलं भाषण वाया कसं घालवायचं, म्हणून ते रोज सकाळी चावडीपुढं करायचे. ऐकायला दोन-चार म्हातारी माणसं आणि आकाराम धनगराचा बोकड असायचा. म्हातारी मधनंच उठून जायची. बोकड शेवटपर्यंत बसायचा.

हुंबरवाडी आजऱ्याच्या अल्याड, हिरण्यकेशीच्या काठाला. वरची आळी आम्हा मराठ्यांची, खालची किरिस्तावांची. त्यांचे पणजे-खापरपणजे कधीतरी गोव्याकडनं घाट चढून आले, ते येताना कुऱ्हाडी, एक फिडल आणि लाकडाची एक मूर्ती घेऊन आले. आमच्यासारखाच घनसाळ भात पिकवायचे, आमच्यासारखंच बांधावरनं भांडायचे. रविवारी तेवढे बूट घालून भांडायचे.

त्या मूर्तीलाच ते सायबीण म्हणत. म्हणजे मारिया, येशूची आई. हातभर उंचीची, निळ्या शेल्याची, कडेवर पोर घेतलेली, काचेच्या पेटीत उभी. भाताची मळणी उरकली की ती खालच्या आळीत घरोघर मुक्कामाला निघे. आज एका घरी, उद्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून, फिडल वाजवत पुढच्या घरी. ज्या घरी ती उतरेल तिथं सगळी आळी जमायची, माळ जपायची, शेवटी लादाइन म्हणायची. लादाइन म्हणजे सायबिणीची शंभर नावं घेऊन म्हटलेलं लांबलचक गाणं. ते लॅटिनात असे. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळं त्यावर कधी भांडण झालं नाही. मग उकडलेले चणे आणि गूळ-खोबरं. चण्यासाठी आमच्या आळीची पोरंही जायची आणि पालुपदापुरतं लॅटिन आमच्याही कानात बसलं होतं.

या सगळ्या दौऱ्याचा कारभार पास्कूआक्काच्या हातात. पास्कूआक्का म्हणजे खालच्या आळीतली म्हातारी, बिनलेकरांची विधवा. हातात काठी, आणि आवाज असा की नदीवर धुणं धुणारी बाई वर बघायची. सायबीण कुणाकडं कधी जायची, पेटी कुणी धरायची, चण्यात मीठ कुणी घालायचं, हे तीच ठरवायची. खुद्द फादरसुद्धा तिला विचारून घंटा वाजवत, असं म्हणतात.

त्या वर्षी तिनं ठरवलं, की बस्त्यावचं घर सोडायचं.

बस्त्याव फर्नांडिसची बायको कतरीन त्याच आषाढात गेली होती. तापानं. नदीला पूर, होडी बंद, डॉक्टर आजऱ्यात. पल्याडच्या काठावर माणसं गाडी जुंपून उभी होती आणि अल्याड बस्त्याव तिच्या डोक्यावर इरलं धरून बसला होता. पूर ओसरला तेव्हा गाडीची गरज उरली नव्हती.

बस्त्याव तेव्हापासनं देवळात जायचा बंद झाला. फादर ग्रेगरी समजूत घालायला आले तेव्हा म्हणाला, "फादर, देवाचं आनि माजं सध्या बोलनं बंद हाय."

"त्याच्या बाजूने चालू आहे, बस्त्याव," फादर म्हणाले.

"मग त्येला म्हनावं, आषाढात बोलायचं हुतं."

फादर मंगळूरकडचे. मराठी पुण्याच्या एका शास्त्र्याकडं शिकले होते, त्यामुळं ते बोलायला लागले की आमच्या गावात कुणीतरी पोथी उघडल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र ते सायकल हातात धरून चालत गेले.

मागं राहिली फिलू. नाव फिलोमिना, पण एवढं नाव घ्यायला आमच्याकडं कुणाला सवड नसते. ती फार रडली नाही. ती विचारत सुटली. शेजारच्या चिमणाबाईला दिवसातनं दहांदा हाक मारी. "काकू, आमटीला मीठ किती?" "काकू, आयनं काकडीचं बी कुटं ठेवलं आसंल?" चिमणाबाई आमच्या आळीची, पण घर असं की तिच्या परड्याचं कुंपण संपलं की बस्त्यावचा गोठा लागायचा. ती मीठ सांगायची, बी हुडकून द्यायची. एका प्रश्नाला मात्र तिच्याकडं उत्तर नव्हतं. तो प्रश्न चांदी म्हशीचा.

चांदी दावणीला बस्त्यावच्या होती, पण मनानं कतरीनची. कतरीनशिवाय कुणाच्या हाताला थेंब देत नव्हती. कतरीन गेली आणि चांदीनं पान्हा चोरला. रेडकू तोंड लावायचं, त्याला हवं तेवढं मिळायचं. माणूस बसला की लाथ.

अशा म्हशीला फसवायला मालकिणीचं लुगडं नेसून धार काढायला बसतात. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. पुष्कळ म्हशी फसतात. काहींना नुसतं निमित्त हवं असतं. बस्त्यावनं कतरीनचं हिरवं लुगडं नेसलं, एवढ्या थोरल्या मिशांवरनं डोक्यावर पदर घेतला आणि चरवी घेऊन बसला. चांदीनं मान वळवून त्याला पायापासनं पदरापर्यंत नीट बघितलं. मग अशी लाथ घातली की चरवी गोठ्याबाहेर आणि बस्त्याव शेणात.

पहिल्या दिवशी गाव हसलं. दुसऱ्याही दिवशी हसलं. पुढं हसू आटलं, कारण तो रोज नेसायचा, रोज शेणात पडायचा आणि उठून रोज त्या लुगड्याची घडी घालून ठेवायचा. घरात बाप-लेक कोरा चहा प्यायची.

तर असल्या घरात सायबीण न्यायची कशी, हा पास्कूआक्काचा सवाल होता.

"त्या घरात बाईमानूस न्हाय," तिनं खळ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. "हार कोन करनार, वात कोन लावनार, चनं कोन शिजवनार? औंदा दारात घडीभर थांबवू आनि म्होरं न्हेऊ."

फिलू तिथंच पेंढ्या रचत होती. हातातली पेंढी टाकून पुढं आली. "मी बाईमानूस न्हाय तर काय हाय, आक्का?"

"तू पोर हाईस गं बाय."

"मग आय पोराकडं न्हाय यायाची, तर कुनाकडं यायाची?"

पास्कूआक्कानं बोटांवर घरं परत पहिल्यापासनं मोजली. बस्त्यावचं घर ठरलं. त्याच्या पुढचं, दुसऱ्या संध्याकाळचं घर, खुद्द पास्कूआक्काचं होतं.

मग फिलू आणि चिमणाबाई मिळून कामाला लागल्या. घर सारवलं, दाराला तोरण केलं, झेंडूच्या माळा झाल्या. चणे चिमणाबाईनं शिजवले आणि सवयीनं त्यात एवढं तिखट घातलं की दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली माणसं सायबिणीपेक्षा चण्यांविषयी जास्त बोलत होती.

संध्याकाळी सायबीण आली. माळ झाली, लादाइन झाली. बस्त्याव सगळा वेळ बाहेर खांबाला टेकून उभा. लादाइन चालू असताना चांदी गोठ्यात हंबरत सुटली आणि पास्कूआक्का दोन नावांच्या मधल्या जागेत ओरडली, "आरं, त्या म्हशीला कुनी तरी गप करा!"

चणे वाटायच्या आधी चिमणाबाई ताट घेऊन पुढं सरसावली. ताटात नारळ, तांदूळ, हळकुंड आणि खण.

"चिमणे, काय चाललंय तुजं?" पास्कूआक्कानं काठी आडवी धरली.

"वटी भरतीया."

"आमच्यात वटी भरत न्हाईत!"

"तुमच्यात भरत नसशीला. आमच्यात भरत्यात. माज्या शेजारनीच्या घरला आली म्हंजी माजीबी पावनीच की. आनि बगा तरी, कडंवर पोर घिऊन आलीया. लेकुरवाळी बाई, थंडीवाऱ्याची घरोघर हिंडतीया, आनि मोकळ्या वटीनं लावून देऊ? लोक काय म्हनतील?"

"अगं, पेटी काचंची हाय. उघडत न्हाय ती."

"न्हाय उघडू दे. म्होरं ठेवती. तिची ती घील."

पास्कूआक्कानं खण बघितला. इरकली होता, चांगला होता. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाद्रीबाबाला सांगू नगा."

दुसरा दिवस सगळा फिलूनं सायबिणीपुढं काढला. चूल तिथनं दिसेल अशी पेटी वळवून ठेवली. भाकरी करताना बोलत होती, दळताना बोलत होती. चिमणाबाई विस्तव मागायला गेली तर म्हणाली, "काकू, हळू बोला, आमचं चाललंय."

आणि संध्याकाळी आळी मेणबत्त्या घेऊन सायबिणीला न्यायला आली, तर दार बंद.

पास्कूआक्कानं काठीनं दार वाजवलं. "फिलू! उघड गं. येळ झाली."

"न्हाय उघडत."

"म्हंजी?"

"ती जायाची न्हाय. हितंच ऱ्हानार हाय."

"कोन म्हनलं?"

"मी म्हनलं."

"बस्त्याव! ए बस्त्याव! कुटं गेला ह्यो?"

"गोठ्यात हाय मी," बस्त्यावचा आवाज आला. "नेसून बसलोय. पोरगी ऐकत न्हाय, म्हसबी ऐकत न्हाय. तुमचं तुमी बगा."

गोठा घराला लागूनच. मधे कुडाची भिंत, तिच्यातनं आवाज आरपार जायचा. त्यामुळं पुढच्या सगळ्या बोलण्याला बस्त्याव हजर होता, फक्त हिरव्या लुगड्यात.

बातमी वरच्या आळीत पोचायला वेळ लागला नाही. आधी पोरं आली, मग बायका आल्या, मग हंबीरराव पाटील फेटा बांधत आले. माणसं जमलेली बघून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. एवढी गर्दी त्यांना चावडीवर कधी मिळाली नव्हती.

"सरका," ते म्हणाले आणि ओट्यावर चढले. "फिलूबाई! भगिनी! आज देश स्वतंत्र झालाया. हितं कुनी राजा न्हाय, कुनी प्रजा न्हाय. समदी नागरिक. नागरिकाची काय जबाबदारी आस्ती? दुसऱ्याचा हक्क—"

"पाटील," आतनं फिलू म्हणाली, "मी ल्हान हाय. मला मत न्हाय."

पाटलांच्या भाषणात हा मुद्दा नव्हता. "पोरगी हुशार हाय," असं जवळच्या माणसाला सांगून ते ओट्यावरनं उतरले.

एवढ्यात फादर ग्रेगरी सायकलवरनं आले. त्यांना बोलवायला आकाराम धनगर गेला होता. त्यानं नक्की काय सांगितलं ठाऊक नाही, पण फादर घामाघूम झाले होते आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मातेला कोणी पळवून नेले?"

"न्हेलं न्हाय, ठेवून घेतलंय," चिमणाबाई म्हणाली. "हुंबरा न्हाय वलांडला तिनं."

फादरांनी श्वास सोडला, झगा नीट केला आणि दाराशी उभे राहिले. "बाळ फिलोमिना, ही तर केवळ एक प्रतिमा आहे. काष्ठाची. खरी माता स्वर्गात आहे. तू जेथून हाक मारशील, तेथून ती ऐकते. तिला एका घराची, एका मूर्तीची मर्यादा नाही. समजले?"

"समाजलं, फादर."

"शाबास. मग उघड दार."

"पन फादर, ती तुमाला कुटनंबी ऐकू येती, तर ह्यो लाकडाचा पुतळा न्हिऊन काय करताय? ऱ्हाऊ द्या की हितं."

फादरांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

"पुण्याच्या शास्त्र्यानं ह्ये शिकीवलं न्हाय वाटतं," पाटील हळूच म्हणाले. आता हरलेली माणसं दोन झाली होती, त्यामुळं त्यांना जरा बरं वाटत होतं.

पास्कूआक्काचा मात्र धीर सुटत चालला होता. तिच्या घरी सारवण झालं होतं, हार झाला होता, चणे चुलीवर होते. काठी दारावर आपटत ती ओरडली, "आगं, सायबीन काय तुज्या एकटीची हाय? समद्या आळीची हाय! तुज्या आयनं ह्येच शिकीवलं व्हय तुला?"

हे बोलायला नको होतं. ते तिलाही बोलता बोलताच कळलं. चिमणाबाई वाघिणीसारखी फिरली. "आक्का! लेकराच्या आयचं नाव काढायचं न्हाय! वरडायचं आसंल तर माज्याव वरडा!"

आतनं मग फिलूचं बोलणं आलं. रडत नव्हती. ती समजावून सांगत होती, अडाणी माणसांना सांगावं तसं.

"माजं काम हाय तिच्याकडं. त्ये झालं की मीच सोडनार हाय."

"कसलं काम?" फादरांनी विचारलं.

"निरोप धाडलाय. आयला. सायबीन वरचीच हाय, आनि आयबी आता वर. तुमीच सांगितलंय, फादर, पुरताना. म्हनून काल म्या हिला सांगितलं, आयला इच्यारून घे, चांदी दूद का देत न्हाय. ती काय करत हुती त्ये इच्यार. बा लुगडं नेसतोय, पेंड घालतोय, पाठ चोळतोय, तरी देत न्हाय. आज दिसभर वाट बघितली. आजून काय सांगितलं न्हाय हिनं. उत्तर आल्याबिगर कशी सोडू? परत वर्साशिवाय यायाची न्हाय ही."

गोठ्यातनं नाक ओढल्याचा आवाज आला. तो म्हशीचा नव्हता.

"बरूबर हाय की," चिमणाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली. "सांगावा धाडल्याव उत्तर घेतल्याबिगर कोन मानसाला सोडतंय?"

पास्कूआक्कानं काठी भिंतीला टेकवली. मग ती खाली बसली, उंबऱ्यावरच, दाराला पाठ लावून. म्हातारपणी एकदा खाली बसलं की उठताना दोन माणसं लागतात, म्हणून ती चार लोकांत कधी बसायची नाही. आज बसली.

"फिलू," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "मला आय न्हाय गं."

"तू म्हातारी हाईस, आक्का. म्हाताऱ्यांना नसती."

"म्हातारी आता हाय. पलेग आला तवा तुज्यापरास ल्हान हुते. समदं गाव रानात छपरं घालून ऱ्हायलं, आनि माजी आय घरातच ऱ्हायली. मला बगूबी दिली न्हाय. आजीनं मला ह्या सायबिनीम्होरं आनून बसीवली. म्हनली, हीच तुजी आय. मला काय पटलं न्हाय. लाकडाची आय कुनाला पटती?" तिनं मागं दारावर हात टेकवला. "पन मग दरवर्साला यायाला लागली. मी लगीन हून गेले त्या घरलाबी आली. मालक गेलं, तरीबी आली. एक दीस ऱ्हायाची नि जायाची. खरी आय आसती तर म्हायेरला एक दीस तरी भेटली आस्तीच की न्हाय? तसं समजायला लागले. तवापास्नं मला न्हाय वाटत, की आय न्हाय."

फिलू दाराच्या पलीकडं येऊन बसली असावी, कारण आवाज आता खालनं, जवळनं आला. "मग तू निरोप धाडतीस?"

"दरवर्साला."

"उत्तर येतं?"

पास्कूआक्का आयुष्यात पहिल्यांदा बोलायच्या आधी विचार करत होती. फादर तिच्याकडं बघत होते, कारण हा प्रश्न त्यांनाही होता.

"येतं," ती म्हणाली. "पन मानूस बोलतं तसं न्हाय येत. तू हात जोडून कान दिऊन बसलीस तर न्हाय यायाचं. कामात आसशील तवा येतं. दळताना येतं. गानं म्हनताना येतं."

"माजं आलं न्हाय."

"तू आज लादाइन म्हनलीस?"

"न्हाय. मला एकटीला समदी येत न्हाय."

"मग म्हनूया. तू आतनं म्हन, आमी भायेरनं म्हनतो. दार ऱ्हाऊ दे बंद. मला बी उठाय येत न्हाय आता."

मिरवणुकीत फिडल वाजवणाऱ्या जाकीनं ते खांद्याला लावलं. आत फिलूनं सुरुवात केली. आवाज बारीक, पण चाल कतरीनची. कतरीन प्रत्येक नावाचा शेवट असा लांबवायची की बाकीच्यांना थांबून तिची वाट बघावी लागायची. फिलूनंही तसाच लांबवला. बाहेरनं आळीनं पालुपद उचललं. दुसऱ्या नावाला आमची पोरं मिसळली. चौथ्या-पाचव्याला हंबीरराव पाटलांनी फेटा सावरून खर्ज लावला. त्यांना काहीतरी मोठ्यानं म्हणायला मिळाल्याशी मतलब होता.

आणि गोठ्यातनं बस्त्याव ओरडला.

"थांबू नगा! कुनीबी थांबू नगा!"

"काय झालं रे?"

"सोडलं तिनं! पान्हा सोडला! म्हना, म्हना!"

जमलेली अर्धी माणसं गोठ्याच्या दाराला धावली, पण तोंड कुणी बंद ठेवलं नाही. चांदी कान पाडून, डोळे अर्धे मिटून उभी होती. कास तटतटलेली. बस्त्याव डोक्यावर पदर, मिशा ओल्या, दोन्ही हातांनी धार काढतोय आणि स्वतःही मोठ्यानं लादाइन म्हणतोय. आषाढापासनं बंद पडलेलं त्याचं तोंड लॅटिनात उघडलं होतं. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज फिडलच्या वर ऐकू येत होता.

"आगं बया!" चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. "कतरीन गोठ्यात गुनगुनायची की गं! रोजच्या रोज! कुडापल्याडनं ऐकू यायाचं. मला वाटायचं, म्हशीला शिव्या दीतीया!"

लादाइन लांब असते, पण चांदीकडं कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं. नावं संपली तरी धार संपेना. पास्कूआक्कानं उंबऱ्यावरनंच हात हलवून खूण केली आणि लादाइन पहिल्यापासनं सुरू झाली. सायबिणीची एवढी स्तुती एका संध्याकाळी हुंबरवाडीत त्याआधी कधी झाली नव्हती.

दुसऱ्या खेपेचं शेवटचं नाव झालं आणि कडी वाजली. दार उघडलं. दाराला टेकलेली पास्कूआक्का घरात कलंडली ती फिलूनं धरली.

"आलं उत्तर," फिलू म्हणाली. तिचं तोंड रडून भिजलं होतं आणि ती हसत होती. दोन्ही एकदम, लपवालपवी न करता. "आक्का, आयनं सांगितलं! ती गानं म्हनायची. आमी गानंच बंद केलं हुतं घरात."

"मी म्हनलं नव्हतं?" पास्कूआक्का म्हणाली. आवाज परत तिचा झाला होता. "उठवा मला कुनीतरी!"

फिलूनं पेटी स्वतः उचलली. काचेला तोंड लावून हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली, "आता आक्काकडं जा. तिची वाट बघून झालीया. वर्सानं ये. तवर मी म्हनत ऱ्हाते रोज, सकाळ-संध्याकाळ. आयलाबी सांग." आणि पेटी पास्कूआक्काच्या हातात दिली. म्हातारीनं ती आपल्या आईला धरावं तशी धरली का लेकीला धरावं तशी, ते सांगता येत नाही. तिनं डोळे मिटले होते.

बस्त्याव चरवी घेऊन बाहेर आला. काठोकाठ भरलेली, वर फेसाचा डोंगर. लुगडं सोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि कुणी हसलंही नाही. सायबिणीपुढं त्यानं चरवी खाली ठेवली आणि दुधाच्या ओल्या हातानं कपाळापासनं छातीपर्यंत क्रूस काढला. मग फिलूला जवळ घेतली. हिरव्या पदराखाली ती दिसेनाशी झाली. वास आईचा आणि माणूस बाप, असं ते होतं.

हंबीरराव पाटलांना हा क्षण इतिहासाचा आहे हे सगळ्यांच्या आधी कळलं.

"फादर," ते पुढं होऊन म्हणाले, "आता तुमी जाहीर करा. ह्यो चमत्कार हाय का न्हाय? उद्या सकाळी चावडीवर मला सांगाय लागंल. सगळ्या पंचक्रोशीत जाईल ह्ये."

"बोला फादर," खालची आळी म्हणाली.

"बोला की," वरची आळी म्हणाली.

जाकीनं फिडल खाली घेतलं. मेणबत्त्या जिथल्या तिथं थांबल्या. फादर ग्रेगरींनी सायबिणीकडं बघितलं, फिलूकडं बघितलं, बस्त्यावच्या लुगड्याकडं बघितलं, गोठ्यात रवंथ करणाऱ्या चांदीकडं बघितलं. टोपी काढून छातीशी धरली. दोनदा घसा खाकरला. मग त्यांची नजर फेसाळलेल्या चरवीवर येऊन थांबली.

"बस्त्याव," ते म्हणाले, "वाईच च्या टाकतोस का?"